सव्वा फुटाची चूक

घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले बूट घालून एक माणूस बेकरीच्या दारात उभा राहिला, तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. बाहेर भुरभुर पाऊस होता. त्याच्या एका खांद्यावर पिवळी तिपाई, दुसऱ्या हातात तान्ह्या बाळासारखी जपलेली पेटी, आणि चेहरा असा, की याला पाव हवाय की जाब विचारायचाय ते कळू नये. बेकरीवालीनं आधी त्याच्या बुटांकडे पाहिलं, मग आपल्या नुकत्याच पुसलेल्या फरशीकडे.

"तिथेच थांबा," ती म्हणाली. "काय देऊ?"

"तुम्ही फोनवर ठिकाण पाठवलं होतंत. तिथे जाऊन आलो."

"मग?"

"तळं आहे तिथे. फोन म्हणत होता, अजून थोडं पुढे जा. गेलो... बदकं होती. बेकरी नव्हती."

ती फिसकन हसली. ज्याच्या हातात आपली भिंत आहे त्याला पहिल्याच भेटीत हसू नये, एवढी अक्कल तिला होती. पण हसू आलं ते आलंच. त्याला राग आला नसावा. त्यानं दारातच बूट काढले, मोजे बुटांत कोंबले आणि अनवाणी आत येऊन एक गरम पाव मिळेल का असं विचारलं, कारण जवळ होतं नव्हतं ते बदकांनी खाल्लं होतं.

तर हा मोजणीवाला. त्याला बोलवायची वेळ का आली, ते आता सांगायलाच हवं.

बेकरीच्या मागे काकूंचं घर; नात्यातल्या नव्हेत, शेजारच्या काकू. दोन्ही जागा पूर्वी एकच होत्या. बेकरीवालीच्या आजोबांनी मागची अर्धी विकली तेव्हा खरेदीखतात साफ लिहून दिलं, की मागच्या घराला रस्त्यापर्यंत जायला-यायला डाव्या कडेनं दहा फुटांची वाट कायम मोकळी राहील. तिच्यावर कुणी काही बांधायचं नाही. जमीन बेकरीची, पण वहिवाट मागच्यांची. तीन पिढ्या त्या वाटेवरून सायकली गेल्या, दुधाचे कॅन गेले, काकूंच्या लेकीचं लग्नाचं सामान गेलं, आणि कुणाला टेप काढून मोजायची गरज पडली नाही.

गेल्या वर्षी बेकरीवालीनं डाव्या बाजूला नवी भट्टी बांधली. आत्या म्हणाली होती, बाई गं, आधी मोजणी करून घे. ही आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, गल्ल्यावर बसणारी आणि घरात शेवटचा शब्द आपलाच असं समजणारी. पण आजकाल फोनमध्ये सगळं असतं, त्यासाठी कुणाला कशाला बोलवायचं, असं भाचीचं म्हणणं. तिनं फोनवरचा नकाशा उघडला, दोन बोटांनी ताणून मोठा केला, स्वतःच निळा ठिपका होऊन कडेनं चालत गेली आणि खडूनं रेघ मारली. रेघेवर भिंत उभी राहिली, भिंतीला टेकून विटांची भट्टी. भट्टीवर हात बसायला तीन महिने लागले. आधी डावीकडचे पाव करपायचे, मग मागचे कच्चे राहायचे. आता कुठे ती गुण्यागोविंदानं भाजायला लागली होती. तिच्यावर सकाळचे चारशे पाव होत होते, आणि घर त्यावर चाललं होतं.

यंदा मागच्या काकांना अर्धांगाचा झटका आला. रुग्णवाहिका वाटेत शिरली आणि भट्टीच्या भिंतीपाशी अडकली. चार जणांनी काकांना खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत उचलून नेलं. काका वाचले, पण पुन्हा असं झालं तर खुर्चीत बसण्याइतके तरी ते शुद्धीवर असतील का, हे कुणी सांगावं. काकू भांडल्या नाहीत. खरेदीखताची प्रत घेऊन आल्या आणि वाट दहा फूट आहे का एवढंच बघू या म्हणाल्या. भांडायचं काम त्यांच्या जावयांकडे होतं. त्यांनी आपला फोन दाखवला. त्यात वाटेची रेघ थेट भट्टीच्या पोटातून जात होती. बेकरीवालीनं आपला दाखवला. त्यात रेघ भिंतीला न शिवता बाहेरून. आत्यानं उत्साहानं आपलाही काढला, तर त्यात अख्खी बेकरीच शेजारच्या वाफ्यात जाऊन बसली होती. तेव्हा दोन्ही घरांनी मिळून मोजणीवाल्याला बोलवायचं ठरलं.

त्यानं पाव खाल्ला, बोटांवरचा चुरा झटकला आणि पेटीतलं मोजणीचं यंत्र तिपाईवर बसवून कामाला लागला. काम करताना तो फारसा बोलत नसे, पण विचारलं तर सांगे. फोनवरचा नकाशा म्हणजे उंचावरून काढलेले फोटो एकमेकांना जोडलेले. त्यांच्यावर हद्दीच्या रेघा कुणीतरी कुठेतरी बसून अंदाजानं टाकलेल्या. घर शोधायला ठीक. भिंत कुणाची ते ठरवायला नाही.

"आणि तळं शोधायला?" तिनं विचारलं.

"तळ्याला तो एकदम अचूक आहे."

हद्दीचे जुने दगड दोन. एक रस्त्याकडे, तो लगेच सापडला. दुसरा मागच्या कोपऱ्यात, झुडपांच्या कुंपणापलीकडे, भट्टीच्या बरोबर समोर. या दोन दगडांमधली रेघ म्हणजे हद्द, आणि तिथून आत दहा फूट म्हणजे वाट. दगडावर काठी उभी धरायची, काठीच्या टोकाला आरसा, आणि यंत्र त्या आरशाकडे बघून अंतर सांगणार. कुंपण आड येत होतं म्हणून काठी ताणून बारा फूट उंच केली. मोजणीवाल्याचा मदतनीस तापानं घरी होता. काठी धरायला जावई यायचे ठरलं होतं, पण पाऊस पाहून ते गाडीत बसले आणि काच थोडीशी खाली करून तिथूनच लक्ष ठेवू लागले. मग काठी बेकरीवालीनं घेतली.

त्यानं तिला काठीवरची छोटी गोल पाणसळ दाखवली. आत बुडबुडा. बुडबुडा वर्तुळाच्या मधोमध असला की काठी सरळ. बाकी काही करायचं नाही, नुसतं बुडबुड्याकडे बघायचं.

"किती वेळ?"

"मी हात वर करेपर्यंत."

"आणि तुम्ही माझ्याकडे बघणार?"

"मी आरशाकडे बघणार," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला... हे तिनं पाहिलं.

त्यात काय एवढं, असं म्हणाल. पण तिला ते गोड वाटलं. बत्तिसावं उलटलं होतं, दोन स्थळं येऊन गेली होती, एकाला पहाटे तीनला उठणारी बायको नको होती आणि दुसऱ्याला नुसतीच बेकरी हवी होती. असा लाजणारा माणूस तिच्या दारात बऱ्याच दिवसांनी आला होता. ती काठी धरून उभी राहिली. पलीकडे तो यंत्रावर वाकला. पाऊस त्याच्या मानेवरून कॉलरमध्ये शिरत होता आणि तो पुसत नव्हता. ओले केस कपाळावर आले होते. हा माणूस घरी गेल्यावर डोकं पुसत असेल का, की कुणी पुसून देणारं आहे — असा भलताच विचार तिच्या डोक्यात आला आणि बराच वेळ टिकला. शेवटी त्यानं हात वर केला. नेहमीपेक्षा जरा उशिरा, पण नेहमी किती वेळ लागतो हे तिला कुठे माहीत होतं.

संध्याकाळी कागद तयार झाला. भिंत वाटेबाहेर, चार बोटांनी. म्हणजे भट्टी सुटली. चौघांनी सह्या केल्या: ती, आत्या, काकू, आणि तोंड वाकडं करून जावई. काकूंनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, असेल तसं असेल, न्यायाचं ते न्यायाचं. पण जाताना वाटेच्या अरुंद तोंडापाशी त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. बेकरीवालीनं ते पाहिलं आणि पीठ चाळायला घेतलं.

पुढचे पाच दिवस मोजणीवाला रोज पाव न्यायला आला. तो राहायचा गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि वाटेत सहा बेकऱ्या लागत. हे आत्यानं चौकशी करून आणलेलं. पहिल्या दिवशी त्यानं दोन पाव घेतले. दुसऱ्या दिवशीही दोन. दोनच का, असं तिनं अगदी सहज विचारलं. एक सकाळचा, एक संध्याकाळचा, तो म्हणाला. घरात खाणारं दुसरं कुणी नाही. पीठ मळता मळता तिच्या हाताला वेगळाच जोर आला. चौथ्या दिवशी पावसानं त्याला तासभर अडवून ठेवलं, निदान तो तरी पावसाचंच नाव सांगत होता. त्या तासात तिला कळलं, की त्याला पोहता येत नाही, त्याची आई शाळेत गणित शिकवायची, आणि त्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून पत्त्यांत कुणी भिडू करून घेत नाही. तिनं सांगितलं, की भट्टीला ती मनातल्या मनात 'म्हातारी' म्हणते. हे तिनं आत्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

सहाव्या दिवशी तो आला तेव्हा बरोबर तिपाई होती.

"आज दोन की तीन?" तिनं विचारलं.

"आज पाव नको," तो म्हणाला. "आज कामाला आलोय."

मोजणीची बेरीज जुळत नव्हती. मोजणी जिथून सुरू होते तिथेच हिशेबानं परत यायला हवी, आणि ती येत नव्हती. रात्री दोनदा ताडून पाहिलं. चूक मागच्या दगडापाशी होती. त्या दिवशी त्यानं काठीला तीन पायांचा आधार लावला, कुणालाही धरायला दिली नाही, आणि तोच दगड चार वेळा मोजला. चारही वेळा एकच उत्तर. भट्टीची भिंत वाटेत आली होती, सव्वा फूट.

सव्वा फूट भिंत मागे घ्यायची म्हणजे भिंतीला टेकलेली भट्टी पाडायची. भट्टी पाडायची म्हणजे दोन महिने पाव बंद, आणि पुन्हा नव्या भट्टीचं करपणं-कच्चं राहणं सुरुवातीपासून. तिनं त्याला भट्टीमागे गाठलं आणि आवाज खाली ठेवून विचारलं, सह्या झालेला कागद हातात असताना हे उकरून काढायची गरज होती का.

"कागद चुकीचा आहे."

"कुणाला कळलं असतं?"

"मला कळलंय."

"एवढ्याशा फुटासाठी..."

"सव्वा फूट," तो म्हणाला. अशा वेळीसुद्धा त्याला पाव फूट सोडवला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही. तुम्हाला माणसं दिसत नाहीत, काठ्यांची टोकं दिसतात, असं ती त्याला बोलून गेली. त्यानं ते ऐकून घेतलं. काठी त्या दिवशी कुणाच्या हातात होती, हा विषय त्यानं काढला नाही.

दुपारी सगळे बेकरीतल्या पिठाच्या टेबलाभोवती बसले. टेबलावर दोन कागद, एक जुना सह्यांचा आणि एक नवा कोरा. मोजणीवाल्यानं सांगितलं, की पहिली मोजणी रद्द धरावी, चूक त्याची आहे, आणि फेरमोजणीचे पैसे घेणार नाही.

जावई याच संधीची वाट बघत होते. एकच माणूस, एकच यंत्र, आणि आठवड्यात दोन उत्तरं! मग फोनवरच्या नकाशानं काय घोडं मारलंय, ते म्हणाले. तो निदान रोज एकच सांगतो. त्यांचं आता म्हणणं असं, की दोन्ही मोजण्या फेकून द्या, फोनप्रमाणे अर्धी भट्टी वाटेत आहे तर अर्धी भट्टीच पाडा. आणि ह्या गृहस्थांविरुद्ध आपण वर तक्रार करणार. ज्याला सरळ काठी मोजता येत नाही त्याच्याकडे परवाना कशाला हवा?

"करा," मोजणीवाला म्हणाला. "मोजणी माझी. जबाबदारी माझी."

त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की त्याला माहीत आहे. काठी कुठे कलली, कुणाच्या हातात कलली, सगळं माहीत आहे, आणि तो परवाना गेला तरी तिचं नाव घेणार नाही. ज्याला पत्त्यांतसुद्धा खोटं बोलता येत नाही, तो आज अर्धंच खरं बोलत होता.

टेबलाखालून आत्यानं तिचं मनगट धरलं. आत्याचा हिशेब तिला न बोलता कळत होता: गप्प बस. सह्या झालेला कागद आपल्याकडे आहे. ह्यांचं भांडण लागू दे, वर्षं जातील, तोवर भट्टी उभी आहे. हिशेब चोख होता. तोवर काकांना दुसरा झटका आला नाही म्हणजे झालं. काकू समोर बसल्या होत्या, आणि त्या कुणालाच काही म्हणत नव्हत्या.

बेकरीवालीनं मनगट सोडवून घेतलं.

"काठी मी धरली होती," ती म्हणाली. "बुडबुडा मधोमध नव्हता."

"मग कुठे होता?" जावयांनी विचारलं.

"माहीत नाही. मी त्याच्याकडे बघत नव्हते."

"मग कुठे बघत होतात?" जावयांना कुठे थांबावं ते कधीच कळत नसे.

"यांच्याकडे."

काकूंनी चष्मा काढून पुसायला घेतला. आत्या 'कर्म माझं' असं पुटपुटली आणि छताकडे बघू लागली. बेकरीवालीचे कान भट्टीसारखे तापले होते, पण बोललेलं परत घ्यावं असं तिला वाटलं नाही. पहिली मोजणी चुकीची आणि आजची बरोबर, एवढं ती आणखी म्हणाली. भिंत मागे घेते.

मोजणीवाल्यानं नवा कागद पुढे ओढला. त्यात 'फेरमोजणीचं कारण' असा एक रकाना असतो. बहुतेक वेळा तिथे दोन शब्द लिहून भागतं. त्यानं पेन उघडलं, थोडा वेळ तसंच धरलं, आणि मग स्वच्छ अक्षरात लिहिलं. लिहून झाल्यावर कागद सहीसाठी जावयांकडे सरकवला. जावयांनी वाचायला सुरुवात केली, अडखळले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोठ्यानं वाचलं:

"काठी धरणाऱ्याचं लक्ष बुडबुड्यावर नव्हतं, आणि यंत्र बघणाऱ्याचं आरशावर नव्हतं."

त्यांनी तोंड उघडलं.

"सही करा, जावईबापू," काकू म्हणाल्या. "काही विचारू नका."

भट्टी रविवारी पाडली. पहिला घाव बेकरीवालीनं स्वतः घातला आणि मग बाजूला जाऊन रडली. भट्टीसाठी रडणं काय ते ज्यांनी भट्टी बांधली त्यांनाच कळेल. मोजणीवाला सकाळी सातपासून विटा उचलत होता. काकूंनी विटांवरचा चुना खरवडून त्या रचून ठेवल्या, कारण नव्या भट्टीला त्याच लागणार होत्या, आणि जावई फारसं न बोलता राडारोडा वाहत होते. दुपारी भिंत गेली आणि वाट मोकळी झाली. काकूंनी काकांची चाकाची खुर्ची त्या वाटेनं रस्त्यापर्यंत आणली. काकांना अजून नीट बोलता येत नव्हतं. त्यांनी चांगला हात वर करून बेकरीवालीला दाखवला, आणि ती पुन्हा रडली.

बाकीचे चहाला आत गेले तेव्हा ती आणि तो विटांच्या ढिगाशी राहिले. दोघंही चुन्यानं पांढरे. डोळे पुसत ती म्हणाली, की नव्या भिंतीची रेघ आता तुम्हीच आखून द्या, फोनवर माझा विश्वास नाही.

"मला नाही देता येणार."

"का?"

"नात्यातल्या माणसाच्या जागेची मोजणी करायची नाही, असं आहे आमच्यात. मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो."

"मी कुठे तुमच्या नात्यातली?"

त्यानं हातातली वीट खाली ठेवली. कुठे ठेवायची ते नीट न बघता ठेवली, ती ढिगावरून घरंगळली.

"नाहीस," तो म्हणाला. "म्हणजे... अजून नाहीस. मला तू आवडतेस. पाव घेऊन घरी जातो, आणि मग संध्याकाळभर उद्या सकाळची वाट बघतो. पहाटे तीनला उठायची माझी तयारी आहे. भट्टीतलं मला काही कळत नाही, पण शिकेन. आता तू सांगशील तसं. रेघ आखायची, की दुसऱ्याला पाठवायचं?"

आत आत्या कपबश्या जरा जास्तच हळू वाजवत होती, म्हणजे कान इकडेच असणार. बेकरीवालीनं त्याच्याकडे पाहिलं. केसांत चुना, हाताला खरचटलेलं, आणि कानाच्या पाळ्या लालभडक. या वेळी कुठे बघायचं ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे ती हवा तेवढा वेळ बघू शकत होती.

"दुसऱ्याला पाठव," ती म्हणाली.